टिचकीची आई

"हुपरीकर, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर आम्हाला टिचकीची आई पाहिजे. आणि समोरून पाहिजे," देवस्थळी म्हणाले आणि बशीत ओतलेला चहा फुंकू लागले.

आत आई भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला.

देवस्थळी पुण्याचे. मुलांच्या एका मासिकाचे संपादक. त्या मासिकात माझे वडील, म्हणजे आप्पा, दर महिन्याला 'टिचकी' नावाची चित्रकथा काढायचे. कोल्हापुरात सिनेमाचे बोर्ड रंगवता रंगवता त्यांना हे वेड लागलं होतं. टिचकी म्हणजे गल्लीतली एक आगाऊ मुलगी. तिच्यासाठी लहानपणापासून मीच उभी राहत आले होते. 'शालन, उडी मार. शालन, जीभ दाखव.' मी एकोणीस वर्षांची झाले, टिचकी मात्र नऊचीच राहिली.

त्या काळी चित्रकथा म्हटली की पानावर चौकटी असायच्या, एकापुढे एक. आप्पांनी पहिल्याच महिन्यात त्या काढून टाकल्या. पानभर एकच गल्ली काढायची, नाहीतर एकच बाजार, आणि त्यात टिचकी दहा ठिकाणी. इथं नळावर भांडताना, तिथं भिंतीवरून उडी मारताना, पलीकडे हवालदाराच्या पाठीमागे लपताना. डोळ्यांनी तिच्यामागे पळत सुटायचं, म्हणजे गोष्ट कळायची. मोठ्यांना सुरुवातीला काही उमगेना. 'ही एकाच घरातली दहा भावंडं का?' असं एका हेडमास्तरांनी लिहून विचारलं होतं. पोरांना मात्र काही विचारावं लागलं नाही. चौकटी घाला म्हणून पुण्यातल्या झाडून सगळ्या जाणत्यांनी आप्पांना सांगून पाहिलं, पण आप्पा बधले नाहीत. आता त्याच पानांची प्रदर्शनं भरतात आणि तरुण पोरंपोरी हात मागे बांधून त्यांच्यापुढे उभी राहतात. आप्पा किती धाडसी होते ते मला समजावून सांगतात. मी मान डोलावते.

टिचकीची आई प्रत्येक गोष्टीत एकदाच यायची, आणि कायम पाठमोरी. अंबाडा जरा डावीकडे कललेला, एक हात कमरेवर, सगळा भार उजव्या टाचेवर. अंक आला की गल्लीतल्या बायका आधी ती पाठ शोधायच्या. "बघ बघ, ही आपल्या शालनचीच आय!" ती पाठ चुकून दुसऱ्या कुणाची वाटावी, असं कधी झालं नाही.

"समोरून कशाला?" आप्पा म्हणाले. "पाठमोरी बरी हाय की."

"अहो, मुलं पत्रं लिहून लिहून आम्हाला वेडं करतायत. 'टिचकीची आई कशी दिसते?' आम्ही स्पर्धाच लावलीय श्रावणाच्या अंकात. चित्रांची पोती येऊन पडलीत ऑफिसात. उत्तर दिवाळी अंकात देऊ, असं छापून बसलोय."

"मला न इचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात," देवस्थळी हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हुपरीकर, नवीन मालकांना विलायती चित्रकथा स्वस्तात मिळतायत. तयार येतात, नुसत्या बोलण्याच्या फुग्यांत मराठी भरायचं. टिचकी टिकवायची असेल तर हा अंक गाजला पाहिजे. मी तुमच्या बाजूचा आहे म्हणून सांगतोय."

ते खरंच आप्पांच्या बाजूचे होते. जाताना त्यांनी नेहमीसारखं आत बघून "वहिनी, चहा फक्कड!" असं म्हटलं. चहा दर वेळी मीच बाहेर नेत असे. इतक्या वर्षांत त्यांनी वहिनींना पाहिलेलं नव्हतं.

ते गल्लीबाहेर पडायच्या आधीच आई आतून म्हणाली, "मी बसनार न्हाई."

"बस म्हनलंय कोन?" आप्पा म्हणाले. "मी मनानं काढतो."

"काढा की. तुमी हत्ती बी मनानं काढता."

मी चौथीत असताना आईच्या ओठाच्या कडेला पहिला पांढरा डाग आला होता. मग डोळ्याखाली आला, मग हनुवटीवर. कोड. डॉक्टर म्हणाले, यात दुखत नाही, हे कुणाला लागत नाही, नुसतं दिसतं. लोकांना तेवढं पुरतं. हळदीकुंकवाची बोलावणी आधी उशिरा यायला लागली, मग येईनाशी झाली. कुणी दारात आलं की आईचा हात आपोआप पदराकडे जायचा. आप्पा मात्र त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. मला ते त्यांचं मोठेपण वाटायचं.

हत्ती मनानं काढणाऱ्या माणसाला बायको काही जमेना. आठवडाभर आप्पा चेहरे काढत होते आणि फाडत होते. एक चेहरा आत्यासारखा झाला, एक चक्क सिनेमातल्या बाईसारखा. शेवटी एका सकाळी मला म्हणाले, "शालन, आईचं इरकल नेसून जरा बस बघू."

मी बसले. आप्पांनी मला काढलं, माझ्या चेहऱ्यावर पंधरावीस वर्षं चढवली, मोठं कुंकू लावलं आणि रंगवायला घेतलं. खोटं कशाला बोलू, चित्र सुरेख झालं. सावळा, नितळ, हसरा चेहरा, आणि गळ्यात हात टाकून लोंबकळणारी टिचकी. चित्र टेबलावर वाळत ठेवून आप्पा जेवायला बसले. जेवताना ते गुणगुणत होते.

जेवणं झाल्यावर आई टेबलापाशी गेली. हात पदराला पुसत तिनं चित्राकडे बराच वेळ बघितलं.

"ही कोन?"

"टिचकीची आई," आप्पा म्हणाले.

"टिचकीची आई मी हाय."

आप्पा हसले, पण ते हसू काही टिकलं नाही. "अगं, शालनचं लगीन व्हायचंय. चिकोडीचं स्थळ येनार हाय. पुस्तक घरोघरी जातंय, उगंच कशाला..."

"चिकोडीची मान्सं पुस्तक बघायला येनार हायती का आमच्याकडं?"

"तुझ्याच भल्याचं बघतोय मी. आजवर पाठमोरी काढत आलो ती कशासाठी? लोक बोलतील म्हनून."

"लोक बोलत्यातच," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "न्हाई बोललासा ते तुमी. धा वर्सं झाली. एकदा तरी इचारलासा, हे काय झालंय तुला म्हनून? दुखतंय का म्हनून?"

"दुखत न्हाई म्हनाला की डॉक्टर."

"डॉक्टर म्हनाला."

टेबलावर पांढऱ्या रंगाची बाटली होती. चित्रकार लोक तो रंग चूक झाकायला वापरतात. रेघ वाकडी गेली की वर पांढरा फासायचा, म्हणजे मिटलं. आईनं ब्रश त्या बाटलीत बुडवला. जन्मात तिनं ब्रश हातात घेतला नव्हता. काजळाची काडी धरावी तसा तिनं तो धरला आणि चित्रातल्या बाईच्या ओठाच्या कडेला टेकवला.

"अगं, अगं!" आप्पा उठले.

आईनं तिकडे लक्ष दिलं नाही. डाव्या हाताचं बोट स्वतःच्या गालावर फिरवत ती डागाची जागा आठवायची आणि चित्रात तिथं पांढरा लावायची. ओठ झाला. मग डोळ्याखाली तिनं एक मोठा ठिपका दिला.

"येवडा न्हाई," आप्पा एकदम म्हणाले.

आई थांबली.

"डोळ्याखालचा येवडा मोटा न्हाई. खाली निमुळता होत गेलाय, नाकाकडं वळलाय." त्यांनी तिच्या हातातून ब्रश घेतला. "ओठाचा बरोबर हाय, पन वरची कड सरळ न्हाई, कातरलीया. हनुवटीवर दोन हायती, मधी बारीक पूल. कपाळावर केसांच्या रेघंला आता नवा याय लागलाय." बोलता बोलता ते भराभरा रंगवत होते. समोर आई उभी होती, पण त्यांनी एकदाही तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. त्याची गरजच नव्हती. आजवर ताटाकडे बघून जेवणाऱ्या या माणसाला माझ्या आईचा डाग न् डाग पाठ होता.

"आनि मानंवर एक हाय," आप्पा रंगाच्या नादात म्हणाले, "अंबाड्याच्या बुडाशी. त्यो काय समोरनं दिसनार न्हाई."

आईचा हात मानेमागे गेला. "मानंवर?"

आप्पांचा ब्रश थांबला.

"कवापास्नं?"

"झाली की पाच-सा वर्सं."

तिला तो माहीत नव्हता. आपल्या मानेची मागची बाजू कुणाला दिसते? ती बोटांनी तिथली कातडी चाचपत राहिली. पण कोड हाताला लागत नाही.

"मग महिन्याच्या महिन्याला माझी पाठ काढत व्हतासा," ती म्हणाली, "तवा त्यो का न्हाई काढलासा?"

आप्पा ब्रश धुवायला लागले. धुतलेलाच ब्रश त्यांनी पुन्हा धुतला.

"म्हंजे पाठ बी माझी न्हवं ती."

मला वाटलं, आता ही आत निघून जाईल. पण आईनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, दाराच्या उजेडात मांडलं आणि ती आप्पांच्या समोर बसली. डोक्यावरचा पदर तिनं खांद्यावर टाकला.

"आता काढा. बघून काढा."

मग सगळी दुपार आप्पांनी ते तोंड पुन्हा रंगवलं. माझा चेहरा पुसून तिथं तिचा आणला. दाट भुवया, रुंद नाक, कडेला किंचित खाली झुकलेले ओठ, आणि सगळे डाग. आता ते मान वर करत होते, बघत होते, कागदाकडे वळत होते, पुन्हा बघत होते. आईही त्यांच्याकडे बघत होती. मला तिथं थांबणं अवघड वाटायला लागलं. मी उंबऱ्यावर जाऊन बसले. आपल्या आईबापांना असं एकमेकांकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला होता की रडूच येत होतं.

चित्र पुठ्ठ्यात बांधून पुण्याला गेलं.

अंक आला तेव्हा आई करंज्या भरत होती. आप्पांनी वेष्टन फोडलं आणि ते खाली बसले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. भुवया आईच्या होत्या, नाक आईचं होतं, हसूही तिचंच होतं. डाग तेवढे नव्हते. चेहरा वरपासून खालपर्यंत एका रंगाचा, धुतल्यासारखा स्वच्छ.

झालं होतं ते असं. आप्पा रंग जाड लावायचे, बोर्ड रंगवायची सवय. टपालाच्या हिसक्यांनी त्यांच्या चित्रांचे टवके उडायचे. छापखान्यात एक माणूस होता, तो छपाईच्या आधी तेवढी तेवढी जागा आजूबाजूच्या रंगानं भरून घ्यायचा. आप्पांची चित्रं तो वर्षानुवर्षं इमानानं अशी सांभाळत आला होता. याही वेळी त्याला चेहऱ्यावर पांढरं दिसलं, आणि त्यानं ते भरलं. देवस्थळींनी सोबत लिहिलं होतं, 'या खेपेला टवके जरा जास्तच उडाले होते, पण आमच्या माणसानं कमाल केली आहे.'

आप्पांनी ते आईला वाचून दाखवलं. ती करंजीची कड मुडपत ऐकत होती.

"त्यो मानूस पांढरं भरतोय, हे तुमाला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"मग एक चिट्टी घालायची व्हती आत. पांढरं हाय ते तसंच ठेवा म्हनून."

"सुचलं न्हाई."

"सुचलं न्हाई?"

"देवाशपथ न्हाई सुचलं, शालनच्या आई."

आईनं करंजी ताटात ठेवली आणि दुसरी घेतली. आप्पा खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. खरं बोलत होते असंही आज छातीठोकपणे सांगवत नाही. माणसाला काय सुचतं आणि काय सुचत नाही, यालाही काही कारण असतंच की.

"पुढच्या अंकात नीट करतो," आप्पा म्हणाले. "हितनं पुढं टिचकीची आई समोरनंच येनार. हाय तशी. कुनी काय बी म्हनू दे."

"बघू," आई म्हणाली.

आणि त्यांनी काढलंही. दुसऱ्याच दिवशी बसले. पानभर भाजीबाजार, टिचकी दहा ठिकाणी, आणि बरोबर मध्ये गर्दीतून आपल्याकडे चालत येणारी तिची आई. हे आतलं पान काळ्या शाईचं होतं, म्हणून चेहऱ्यावर बारीक रेघांची सावली घालून डाग तेवढे कोरे सोडले होते. कुणाला भरायची सोय ठेवली नव्हती. आईनं ते पान पाहिलं. त्या दिवशी ती पदर न ओढता नळावर गेली, हे मी पाहिलं.

देवस्थळी आले ते मिठाईचा पुडा घेऊनच. "हुपरीकर, अंक पुन्हा छापावा लागतोय! काय चेहरा काढलात! अहो, बायका पत्रं पाठवतायत, ही अगदी आमची आई म्हणून. मालक खूश. टिचकीला आता मरण नाही."

"शालन, तू बस," आतून आई म्हणाली. "मी चहा घिऊन येतो." आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात, त्याची पुणेकरांना फार गंमत वाटते. देवस्थळी त्यावर हसतच वळले.

आई ट्रे घेऊन उभी होती. पदर खांद्यावर.

देवस्थळींचा हात कपाकडे निघाला आणि वाटेत थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं, मग टेबलावरच्या अंकाकडे, मग पुन्हा आईकडे. माणूस मूर्ख नव्हता. त्यांचा चेहरा पडला.

"वहिनी... म्हणजे ते छापखान्यात आम्ही..."

"चहा घ्या," आई म्हणाली.

त्यांनी घेतला. खरं ते सांगायला पाहिजे, सगळा प्यायले. आप्पांनी नवं पान त्यांच्यापुढे सरकवलं. देवस्थळी ते बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"पान अप्रतिम आहे," ते म्हणाले. "माझं स्वतःचं काहीच म्हणणं नाही, वहिनी, गैरसमज करून घेऊ नका. पण लहान मुलं आहेत, त्यांचे पालक आहेत. तो दुसरा चेहरा आता घराघरात जाऊन बसलाय. आणि हे मालकांच्या हातात पडलं तर ते दुसऱ्या दिवशी टिचकी बंद करतील. त्यांना निमित्तच हवंय." पान परत सरकवत ते म्हणाले, "असं केलं तर? पहिल्यासारखी पाठमोरीच राहू दे. कुणाचाच प्रश्न नाही. त्यात एक गंमतही होती."

मी आप्पांकडे बघत होते. आईही बघत होती. चौकटींपायी ज्यानं अख्ख्या पुण्याशी भांडण घेतलं, तो हा माणूस. बोला की आप्पा, असं मी मनात ओरडत होते. त्यांनी पानाचा एक दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ केला. पुन्हा पुन्हा सरळ केला.

"बरं," आप्पा म्हणाले.

आईनं रिकामे कप उचलले आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धप्पधप्प आवाजानं मला जाग आली. आई पहारीनं चूल फोडत होती. आमच्याकडे भरल्या घरातली चूल सवाष्णीनं मोडणं म्हणजे महा अपशकुन. शेजारची कोंडूबाई छातीवर हात ठेवून पळत आली.

"अगं बया, काय कराय लागलीस ही?"

"चूल फिरवाय लागलोय," आई म्हणाली.

आमची चूल मागच्या भिंतीला होती, धुराड्याखाली. आईनं माती आणली, तिच्यात भुसा मळला आणि नवी चूल अलीकडे, मधल्या उंबऱ्यापाशी घातली. अशी, की तिच्यापुढे बसणाऱ्याचं तोंड बाहेरच्या खोलीकडे व्हावं. बाहेरच्या खोलीत दाराशी आप्पांचं टेबल होतं. धुराला आता वाटच उरली नाही. तो खोलीभर फिरायचा आणि आप्पांच्या कागदावर उतरायचा. आप्पा खोकायचे, डोळे पुसायचे, पण चुलीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मान वर केली की समोर आईचं तोंड. उजेडात, आणि जाळाच्या उजेडात तर जास्तच. ती काही त्यांच्याकडे बघत बसायची नाही. भाकरी थापायची, फुंकणीनं जाळ फुंकायची, कढीला चव आहे का बघायची. ती नुसती समोर असायची.

आणि तिच्यासमोर बसून आप्पा तिची पाठ काढायचे.

दोन-तीन अंक कसेबसे निघाले. मग पाठ चुकायला लागली. अंबाडा नीट बसेना, कमरेवरचा हात परका वाटायला लागला. कोंडूबाईच एकदा अंक बघून म्हणाली, "ही कोन गं? ही न्हवं तुझी आय." आप्पा दिवसदिवस तेवढी एक पाठ काढायचे आणि फाडायचे. त्यांचा हात मुळीच बिघडला नव्हता, बाकी सगळी जत्रा, सगळा बाजार पूर्वीसारखाच जिवंत उतरत होता.

एका महिन्याच्या अंकात नदीचा घाट होता. पानभर घाट आणि दहा ठिकाणी टिचकी. मी दोनदा शोधलं. टिचकीची आई कुठंच नव्हती. पुढच्या महिन्यातही नव्हती. त्याच्या पुढच्याही. ज्या पोरांनी पोती भरभरून चित्रं पाठवली होती, त्यांच्यातल्या एकानंही, ती कुठं गेली, असं लिहून विचारलं नाही. टिचकी पुढे पुष्कळ वर्षं चालली.

विचारलं ते आईनंच. चुलीवर तवा तापत होता आणि मांडीवर अंक उघडा होता.

"टिचकीची आई दिसंना झालीया ती?"

"न्हाई काढली," आप्पा टेबलावरून म्हणाले. "आता न्हाई काढनार."

आईनं ते पान पुन्हा एकदा पाहिलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, टिचकीच्या मागं मागं, सावकाश. मग अंक मिटून तिनं तो जमिनीवर ठेवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "सुटली बिचारी."

आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.